खापरावरील झिलई आणि आव्याची आंच

जुन्या वस्तूंचा संग्रह करणाऱ्या आमच्या मित्रांच्या घरीं गेलें असतां पोथ्या रुमालांत बांधलेल्या, नाणीं पेटींत लावलेलीं व ताम्रपट जपून ठेवलेले आढळतात. आणि कोठें तरी कोनाड्यांत एका टोपलींत खापरें पडलेलीं असतात. त्यांस कोणी वाचीत नाहीं. नाण्यावर अक्षरें असतात, खापरावर तीं बहुधा नसतात, म्हणून खापर मुकें, असा समज आहे. आमच्या मतें हा समज चुकीचा आहे. प्रत्येक खापरावर एक गोष्ट निश्चित लिहिलेली असते. ती म्हणजे त्यास लागलेली आंच. ती कशी वाचावी, आणि विशेषतः खरी झिलई कोणती व नुसती चकाकी कोणती हें कसें ओळखावें, याचें विवेचन प्रस्तुत लेखांत करण्याचा विचार आहे. या विषयांत आम्हीं स्वतः एक चूक केली असून तिचें परिमार्जन करणें हाही या लेखाचा हेतु आहे. म्हणून प्रथम ती चूकच सांगतों.

कांहीं वर्षांपूर्वीं गोदावरीकांठच्या एका खेड्यांतील वृद्ध गृहस्थांनीं आपल्या घराण्यांतील एका दानपत्राची जुनी नक्कल आम्हांस दाखविली. मूळ ताम्रपट नाहींसा झालेला. नकलेंत त्या गांवाचा उल्लेख असून दान यादवांच्याही पूर्वींचें असल्याचें म्हटलें होतें. आम्हीं गांवाबाहेरील पांढरीवर एक फेरी मारली. तेथें वरच्या मातींत कांहीं काळीं, चकचकीत खापरें मिळालीं. “झिलईदार खापरें, सबब बहामनी काळापलीकडचीं नव्हत,” असा निवाडा आम्हीं टांचणांत लिहिला, आणि गांवच इतका जुना दिसत नाहीं, तेव्हां नक्कल बनावट असावी, असें त्या गृहस्थांस पत्रानें कळविलें. त्यांनीं उत्तर दिलें नाहीं. पुढें समजलें कीं, त्यांनीं सर्व दप्तर बांधून माळ्यावर टाकलें व पुनः कोणाही संशोधकास तें दाखविलें नाहीं.

तीं खापरें आमच्या मेजावर तशींच पडून होतीं. एके दिवशीं शेजारच्या गांवचा एक म्हातारा कुंभार कामानिमित्त घरीं आला असतां त्यानें त्यांतलें एक उचललें, उजेडांत तिरपें धरलें, नखानें घांसलें व म्हणाला, “गुरुजी, ह्यो काचेचा लेप न्हवं. कच्चं असतांना दगडानं घोटलंय. ह्या बघा रेघा.” आम्हीं भिंग घेऊन पाहिलें. त्याचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. चाळीस वर्षें विद्यार्थ्यांस घटाचें उदाहरण देऊन न्याय शिकविला, परंतु घट भाजतात कसा हें आम्हीं कधीं पाहिलें नव्हतें. त्यानंतर आम्हीं त्याच्या आव्याशीं बसून, व या विषयावर जें वाचावयास मिळालें तें वाचून, जें समजलें तें येथें देत आहों.

कुंभाराच्या भट्टीस मराठींत आवा म्हणतात. हा शब्द संस्कृत ‘आपाक’ या शब्दापासून आला आहे. अग्नीच्या योगें पदार्थाचे गुण पालटणें यास आपल्या शास्त्रांत पाक म्हणतात, आणि त्याचें ठरलेलें उदाहरण म्हणजे कच्चा श्यामवर्ण घट भाजल्यावर रक्तवर्ण होणें. या एका घटावरून दोन दर्शनांत वाद माजला. वैशेषिक म्हणतात, आंच लागतांच घटाचे परमाणु सुटे होतात, परमाणूंतच रंग पालटतो, व ते पुनः जुळून नवा घट बनतो, हा पीलुपाकवाद. नैयायिक म्हणतात, घट सुटा झाला असता तर वर ठेवलेलीं भांडीं खालीं पडलीं असतीं; तेव्हां अखंड घटांतच पाक होतो; हा पिठरपाकवाद. आजच्या रसायनशास्त्राच्या दृष्टीनें पाहतां दोघांच्याही पदरीं कांहीं सत्य पडतें. घाट कायम राहतो हें नैयायिकांचें म्हणणें खरें. पण पालट होतो तो कणांच्या अंतर्रचनेंत, हें वैशेषिकांनीं ताडलेलें तत्त्वही खोटें नव्हे.

याहून जुना व अधिक व्यवहारी पुरावा श्रौत वाङ्मयांत आहे. अग्निचयनांत ‘उखा’ नांवाचें मातीचें भांडें करावें लागतें. शतपथब्राह्मणाच्या सहाव्या कांडांत तिची माती कशी तयार करावी तें सांगितलें आहे. मातींत बकऱ्याचे केस, खडीची व दगडाची पूड आणि लोखंडाचा कीट मिसळावयाचा. घडविलेल्या उखेस घोड्याच्या लिदेची धुरी द्यावयाची. मग खणलेल्या खड्ड्यांत ती भाजावयाची, आणि भाजल्यावर तींत बकरीचें दूध ओतावयाचें. तैत्तिरीय संहितेच्या पांचव्या कांडांत तर ओसाड पडलेल्या वसतिस्थानांवरील खापरें, म्हणजे ‘अर्मकपालें’, मातींत मिसळण्यास सांगितलें आहे. पांढरीवर जाऊन खापरें वेंचणारे पहिले गृहस्थ आपण नव्हे, हें आमच्या पुराणवस्तुप्रेमी बंधूंनीं लक्षांत ठेवावें. या प्रत्येक विधीचा धार्मिक अर्थ ग्रंथांत दिलाच आहे. परंतु कुंभाराच्या दृष्टीनेंही प्रत्येकास कारण आहे. खडी व जुनें खापर आंचेनें फारसें आक्रसत नाहीं, त्यामुळें भांडें तडकत नाहीं. केस जळून गेले म्हणजे बारीक वाटा राहतात व त्यांतून वाफ निघून जाते. धुरीनें ओल हळूहळू उडते. दुधानें सच्छिद्र भांड्याचीं रंध्रें बुजतात. आजही आमचा कुंभार मातींत लीद व राख घालतो.

आतां आंचेचे टप्पे पाहूं. पुढील अंक, निराळें सांगितलें नसेल तेथें, सेंटिग्रेडचे आहेत व ते स्थूलमानाचे समजावे. कारण प्रत्येक माती निराळी.

मडकें सावलींत कितीही वाळविलें तरी त्यांत ओल राहतेच; ती १०० ते १२० अंशांच्या सुमारास उडते. येथें घाई केली तर वाफ मडक्यास फोडून बाहेर पडते. पुढें ४५० पासून ६०० अंशांपर्यंत मातीच्या कणांच्या रचनेंतच बांधलेलें पाणी सुटतें. कच्चें मडकें व पक्कें मडकें यांतील खरी सीमा हीच. या सीमेच्या अलीकडचें मडकें पाण्यांत टाकल्यास त्याचा पुनः चिखल होतो. पलीकडे गेलेल्याचा कधींच होत नाहीं. तेर येथील गोरा कुंभारांनीं थापटण्यानें संतांचीं डोकीं ठोकून नामदेवांस कच्चें मडकें ठरविलें, ही आख्यायिका सर्वांस ठाऊक आहे. ठोकून नाद पाहणें ही आव्याजवळची खरी परीक्षा आहे. याच टप्प्यांत, ५७३ अंशांवर, मातींतील गारेचे कण एकाएकीं फुगतात व निवतांना त्याच ठिकाणीं पुनः आकसतात. म्हणून आवा गरम असतां उघडला तर भांड्यांस तडे जातात.

गोवऱ्या, काटक्या व पेंढा रचून वरून राखेनें झांकलेल्या उघड्या आव्याची आंच साधारणतः ६०० पासून ८५० अंशांपर्यंत जाते. आपल्या देशांतील बहुतेक साधीं भांडीं येथेंच भाजलेलीं असतात. मातींत चुनखडीचे खडे असतील तर ते या आंचेवर कळीचा चुना बनतात, आणि पुढें हवेंतील ओल शोषून फुगतात. भांड्याच्या अंगावरील पापुद्रा उडून पडतो व मध्यें पांढरा ठिपका दिसतो. ९०० पासून ११०० अंशांपर्यंतची आंच मिळण्यास बहुधा भिंतींची बंद भट्टी लागते. येथें मातीचे कण कडेकडेनें वितळून एकमेकांस चिकटूं लागतात, भांडें खणखणीत वाजतें, व लाल रंग वरच्या टोंकास तपकिरीकडे झुकतो. १२०० ते १३०० अंशांवर योग्य माती दगडासारखी घट्ट होते व पाणी शोषीत नाहींशी होते. आपल्या घरांतील लोणच्याच्या बरण्या या जातीच्या. आमची साधी लाल माती या आंचेवर टिकत नाहीं. ती लोळते व तिचा कोळ होतो. चिनी पोर्सेलीन १३०० अंशांच्या आसपास किंवा त्याहूनही वर भाजतात. त्यास शुभ्र केओलिन माती लागते, आणि त्यांतून उजेड पार दिसतो. सारांश, माती व आंच हीं जोडीनें चालतात. गांवच्या आव्यांत पोर्सेलीन निघणें शक्य नाहीं.

आंचेइतकेंच महत्त्व हवेस आहे. भट्टींत हवा मोकळी असेल तर मातींतील लोह तांबडें होतें. हवा कोंडली व धूर सांठला तर तेंच लोह करडें किंवा काळें होतें, व काजळी रंध्रांत शिरते. विदर्भांतील टाकळघाट, खापा, माहुरझरी येथील महापाषाणीय काळाचीं भांडीं आंतून व तोंडाशीं काळीं आणि बाहेरून खालीं लाल असतात. भांडें उपडें ठेवून आंतल्या बाजूस हवा लागूं न दिल्यानें हें साधतें असा एक तर्क आहे, दोनदां भाजल्यानें साधतें असा दुसरा. उलटपक्षीं, संगमनेराजवळच्या जोर्वें गांवावरून ज्यांस नांव मिळालें तीं ताम्रपाषाणयुगीन भांडीं मोकळ्या हवेंत चांगलीं भाजलेलीं, लाल व खणखणीत आहेत. यावरून काळा रंग पाहून “हलकी आंच” असें म्हणणें बरोबर नाहीं, हें उघड होईल.

आतां झिलईकडे वळूं. झिलई म्हणजे भांड्यावर वितळवून बसविलेली कांच. दुसरें कांहीं नव्हे. कांचेचें मूळ गार; पण शुद्ध गार वितळण्यास सुमारें १७०० अंश लागतात, व तितकी आंच कुंभाराच्या आटोक्याबाहेरची. म्हणून गारेस लवकर वितळविणारें द्रव्य मिसळावें लागतें. एक वर्ग शिशाचा: शेंदूर किंवा मुरदाडशिंग. दुसरा खारांचा: सज्जीखार व त्याचे भाऊबंद, टाकणखारही याच कामीं येतो. शिशाची झिलई ७५० अंशांच्या पुढें वितळूं लागते व साधारणतः ९०० ते १०५० अंशांवर चांगली उतरते; खाराची झिलईही याच सुमारास. राख, चुना व फेल्स्पार यांची दगडी झिलई १२०० अंशांच्या वरच पिकते. खार पाण्यांत विरघळतो, म्हणून तो गारेबरोबर आधीं वितळवून, पाण्यांत ओतून, फुटलेली कांच पुनः कुटून तिचें पीठ भांड्यास लावतात, व बहुधा दुसऱ्यांदा भाजतात.

येथें आंच चुकली कीं फसवणूक नाहीं. कमी पडली तर झिलई दुधाळ व खरखरीत राहते. जास्त झाली तर ओघळून बुडाशीं सांठते व भांडें तळाशीं चिकटतें. तिसरा दोष निवतांना येतो. कांच व माती निवतांना सारख्या आकसल्या पाहिजेत. कांच अधिक आकसली तर तिच्यावर जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात. माती अधिक आकसली तर झिलईचे पापुद्रे कडेवरून निघतात. रंगही द्रव्यावर व हवेवर अवलंबून असतो. तांबें खाराच्या झिलईंत पिरोजा होतें, शिशाच्या झिलईंत हिरवें. लोह मोकळ्या हवेंत पिवळें वा तपकिरी. तेंच थोड्या प्रमाणांत, कोंडलेल्या हवेंत व १२०० अंशांवरील झिलईंत, चीनच्या प्रसिद्ध शेवाळी भांड्यांचा रंग देतें. कोबाल्ट निळें, मँगनीज वांगी, आणि कथलाचें भस्म झिलईस अपारदर्शक पांढरेपणा आणतें.

पोथीसंग्राहक विचारतील, या विद्येवर कांहीं लिखित आहे काय? आमच्या कुंभारांची विद्या तोंडीं चालली. परंतु इराणांतील काशान येथील कुंभारांच्या प्रसिद्ध घराण्यांतला अबुल कासिम यानें इ. स. १३०१ मध्यें रत्नें व सुगंधी द्रव्यें यांवर लिहिलेल्या फारसी ग्रंथांत कौलें व भांडीं यांवर एक प्रकरण जोडलें आहे. त्यांत भांड्याच्या द्रव्याचें प्रमाण दिलें आहे: गारेचे १० भाग, कांचेच्या पिठाचा १ व मातीचा १. आंच बारा तास सारखी द्यावी, आधींचा धूर थांबल्याखेरीज नवें लांकूड घालूं नये, व भांडीं एका आठवड्यानें निवल्यावर काढावीं, असेंही तो सांगतो. धुरानें झिलई काळवंडते हें आम्हीं वर सांगितलेंच. या गांवावरून झिलईदार कौलांस ‘काशी’ हें नांव पडलें, आणि ही कला दक्षिणेंत कशी दिसत असे तें बेदर येथील महमूद गवान याच्या १४७२ च्या मदरशाच्या भिंतीवर अद्याप पाहावयास मिळतें. आमच्या बंधूंपैकीं कोणाच्या संग्रहीं दखनी किंवा फारसी नुसख्यांचीं बाडें असतील, तर त्यांत शेंदूर, सज्जी, गार हीं द्रव्यें एकत्र आलेलीं पानें “वैद्यकी” म्हणून बाजूस सारण्यापूर्वीं पुनः वाचावीं.

आंच मोजण्याचें साधन मात्र फार अलीकडचें. कुंभार रंगावरून ओळखतो: मंद तांबडा ६०० ते ७०० अंशांचा, लालभडक ८०० च्या आसपासचा, नारिंगी ९५० ते १००० चा, पिवळा ११०० च्या सुमाराचा, आणि पांढरा १३०० चा. इंग्लंडांतील जोसाया वेजवुड या कुंभारानें १७८२ मध्यें मातीच्या लहान कांड्या भट्टींत ठेवून त्या किती आकसल्या यावरून आंच मोजण्याची युक्ति प्रसिद्ध केली, व पुढच्याच वर्षीं रॉयल सोसायटीनें त्यास सभासद करून घेतलें. पण आकसणें आंचेच्या प्रमाणांत होतें हें त्याचें गृहीत चुकीचें होतें. त्याच्या हिशेबानें चांदी ४७१७ अंश फॅरनहाइटवर वितळावयास पाहिजे. ती वस्तुतः सुमारें १७६३ वर वितळते. १८८६ मध्यें बर्लिन येथें हर्मान सेगर यानें झिलईच्याच द्रव्यांचे शंकु केले. ठराविक आंचेस ठराविक शंकु वांकतो. शंकूचा विशेष असा कीं, तो केवळ आंच मोजीत नाहीं, ती किती वेळ लागली हेंही मोजतो; आणि भांडें पिकतें तें या दोहोंच्या संयोगानेंच. आमच्या कुंभाराचें “आंच मुरली पाहिजे” हें म्हणणें याहून निराळें नाहीं.

आतां संग्राहकांनीं काय करावें तें सांगतों. प्रथम चकाकीची जात ठरवावी. घोटलेल्या खापरावर भिंगांतून एका दिशेच्या रेघा दिसतात, व चकाकी उंचवट्यावर अधिक व खळग्यांत कमी असते. झिलई खळग्यांत दाट असते. तींत बुडबुडे दिसतात, तिची कड थेंबासारखी थांबते, आणि मोडीच्या बाजूनें पाहिल्यास मातीवर कांचेचा निराळा थर दिसतो. झिलईदार वाडग्याच्या तळाशीं पुष्कळदां तीन लहान व्रण असतात. एकावर एक ठेवलेलीं भांडीं चिकटूं नयेत म्हणून मध्यें तिवई घालीत, तिचे ते. दुसरें, मोडीचा रंग पाहावा. मध्यें करडी पट्टी असेल तर मातींतील शेण-तूस पुरतें जळलें नाहीं इतकेंच सिद्ध होतें. आंच कमी होती कीं वेळ कमी होता, हें त्यावरून ठरत नाहीं. तिसरें, आंचेचा आंकडा हवाच असेल तर एकाच खापराचे कण काढून प्रयोगशाळेंत वाढत्या आंचेनें पुनः भाजवावे. मूळची आंच ओलांडली कीं रंग व घट्टपणा पालटूं लागतो. चौथें, खापरें अम्लांत धुऊं नयेत. अम्ल चुनखडीचा पुरावा नाहींसा करतें व शिशाची झिलई खातें. पुरलेल्या शिशाच्या झिलईवर रुपेरी, इंद्रधनुष्यी पापुद्रे येतात. तो मातींतील ओलीचा परिणाम, कुंभाराची कारागिरी नव्हे.

आणि सर्वांत महत्त्वाचें, खापर कोठें व कोणत्या थरांत मिळालें तें त्याच दिवशीं लिहावें. कोल्हापुरास ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ मध्यें उत्खनन झालें तेव्हां एकाच जागीं सातवाहनांचा थर व बहामनी थर मिळाले. अशा जागीं वरून उचललेल्या एका खापरास चुकीचें नांव दिलें तर हजार वर्षांचें अंतर पडतें. चौलसारख्या बंदरांत चिनी व इराणी झिलईदार खापरें मिळतात. तेथें झिलई म्हणजे व्यापाराचा पुरावा. उत्तरेकडील प्रसिद्ध काळीं चकचकीत भांडीं नाशिक व प्रकाशें येथील उत्खननांतही मिळालीं. तीं इसवी सनापूर्वींचीं असून त्यांची चकाकी कांचेच्या झिलईची नव्हे. तिन्ही खापरें टोपलींत पडलीं म्हणजे “चकचकीत” एवढीच त्यांची ओळख उरते.

शेवटीं आमच्या चुकीविषयीं. गोदाकांठच्या त्या पांढरीवरील खापरें झिलईदार नाहींत. तीं घोटलेलीं व धुरांत भाजलेलीं आहेत. तेवढ्यावरून तीं सातवाहनकालीन ठरत नाहींत, कारण घोटून काळीं भांडीं करण्याची रीत फार काळ चालली; आणि दानपत्राची नक्कल अस्सल आहे असेंही त्यावरून सिद्ध होत नाहीं. परंतु आम्हीं जो आक्षेप घेतला होता तो पुरता निराधार ठरतो, व तो आम्ही येथें परत घेतों. ही गोष्ट सांगण्यास आम्हीं त्या गृहस्थांच्या घरीं स्वतः गेलों. त्यांनीं मनांत कांहीं न ठेवतां माळ्यावरचें दप्तर खालीं काढविलें. मध्यें दोन पावसाळे गेले होते; वाळवीनें नकलेचीं शेवटचीं पानें, ज्यांत सीमा व साक्षीदार होते तीं, खाल्लीं होतीं. उरलेल्या भागाची प्रत आम्हीं त्यांच्या अनुमतीनें करून घेतली आहे. एका खापराची आंच वाचतां न आल्यामुळें एका लेखाचा शेवट गेला, हें आमच्या बंधूंनीं आमच्या अनुभवावरून जाणावें, आणि कोनाड्यांतील ती टोपली एकदां उजेडांत आणावी, इतकीच विनंति करून हा लेख पुरा करतों.